कुंपणावरचे भुंगे

आर्डिसने चाकूचे टोक सालीखाली घातले आणि हलकेच वर उचलले. सालीचा एक टवका निघून हातात आला. त्याच्या आतल्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा काळा भुंगेरा पाय हलवत होता. तिने तो अंगठ्याखाली चिरडला आणि मान वर करून झाडाकडे पाहिले. पाइन शेंड्यापर्यंत हिरवागार होता, वाऱ्यावर डोलत होता. पण बुंध्याभोवती बारीक भुसा सांडला होता आणि सालीवर जागोजागी डिंकाच्या गाठी फुटल्या होत्या, जोंधळ्याच्या लाह्यांसारख्या. झाडाने भुंग्यांना बाहेर ढकलायची धडपड केली होती. त्याला ते जमले नव्हते.

खिशातली नारिंगी फीत काढून तिने बुंध्याला बांधली आणि ती पुढच्या झाडाकडे गेली. त्यालाही बांधली. असे करत करत ती उतारावरून तारेच्या कुंपणापाशी आली तेव्हा फितीचे रीळ संपत आले होते, आणि कुंपणापलीकडच्या झाडांवरही तशाच लाह्या दिसत होत्या. भुंग्यांना जमिनीची हद्द कोण शिकवणार?

पलीकडची झाडे डेल्मर क्रांट्झची होती. डेल्मर आयुष्यभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, लग्न न केलेला माणूस. एका नाताळात त्याने घरात सजवायला म्हणून एक झाड तोडून नेले आणि ते निघाले आर्डिसच्या नवऱ्याच्या, लॉईडच्या हद्दीतले. लॉईडने कुंपणातल्या फाटकाला कुलूप घातले. पुढे लॉईड गेला, किल्ली कुठे गेली कोणास ठाऊक, आणि फाटक तसेच राहिले. दोन घरांमध्ये हाक मारली तर ऐकू जाईल एवढेच अंतर होते, पण मधल्या झाडीमुळे एकमेकांचे छप्परही दिसत नसे.

ती रस्त्याने वळसा घालून गेली. डेल्मरने दार उघडले ते हातात पळी घेऊनच. आत काहीतरी करपत होते. तिने सगळे सांगितले, त्याने सगळे ऐकून घेतले.

"झाडं हिरवी आहेत, आर्डिसबाई," तो म्हणाला. "मेलेलं झाड मला ओळखता येतं."

"मेल्यावर काय, कुणालाही येतं. चाकू आणलाय मी. चला."

त्याने पळी खाली ठेवली आणि तो निघाला. पहिल्याच झाडाची साल तिने उचलून दाखवली. मग त्याने विचारले की आणखी फीत आहे का.

वनखात्याचा माणूस येऊन पाहून गेला. त्याने सांगितले की उन्हाळ्यात या सालींमधून नवे भुंगे उडतील आणि उरलेली टेकडी खातील. त्याआधी, हिवाळ्यातच, कीड लागलेली झाडे पाडा, दोन-दोन फुटांचे ओंडके करून मोकळ्यावर पसरा, म्हणजे साल वाळेल आणि आतल्या अळ्या मरतील. शिवाय एकमेकांना चिकटून वाढलेली बारकी झाडेही काढा. झाडांची दाटी भुंग्यांना आवडते. ठेकेदारांना फोन केले तर सगळे पुढच्या वर्षापर्यंत गुंतलेले. ब्लॅक हिल्सच्या डोंगरांतल्या प्रत्येक टेकडीवर तेव्हा हेच चालले होते.

डेन्व्हरहून मुलीचा, ग्वेनचा फोन आला. आता तरी वयाचे भान ठेव, ती टेकडी विकून टाक आणि आमच्याकडे ये, असे तिने नेहमीसारखे सांगितले. या वेळी तिचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. झाडे गेली तर आर्डिसला तिथे राहण्यासारखे काय उरणार होते? उन्हाळ्यात काय ते सांगते, असे म्हणून तिने फोन ठेवला आणि ती गावात जाऊन झेपेल अशी छोटी चेनसॉ, मोटरवरची करवत, घेऊन आली.

पहिले झाड डेल्मरने पाडले. त्याने आधी झाडाभोवती फेऱ्या मारल्या, एक डोळा मिटून पाहिले आणि जमिनीवर पायाने रेघ ओढून सांगितले की झाड बरोब्बर या रेघेवर झोपेल. मग करवत चालवली. झाड करकरले, अंगभर थरथरले आणि रेघेकडे पाठ फिरवून सरळ लॉईडच्या फाटकावर जाऊन पडले. कुलूप कडीसकट उडाले. फाटकाच्या फळ्यांचा पार चुरा झाला.

धूळ बसेपर्यंत दोघे तसेच उभे होते.

"वाऱ्यानं घात केला," डेल्मर म्हणाला.

त्या दिवशी वाऱ्याचा मागमूस नव्हता. आर्डिसने फाटकाकडे पाहिले, डेल्मरच्या अतिशय गंभीर चेहऱ्याकडे पाहिले, आणि तिला हसू फुटले. इतके की तिला तिथेच बुंध्यावर बसावे लागले. लॉईड गेल्यापासून ती अशी हसली नव्हती.

मग तो सगळा हिवाळा टेकडीवर गेला. सुरुवातीला डेल्मर पाडायचा आणि ती ओंडके करायची. नाताळ येईपर्यंत तीही पाडू लागली, आणि तिची झाडे सांगितल्या जागी पडू लागली. डेल्मरने ती गोष्ट कधी बोलून दाखवली नाही, पण अवघड झाड आले की त्याला हटकून बुटाची नाडी बांधायची असायची. दुपारी बर्फ झटकून ते बुंध्यांवर बसत. तो थर्मासमधून डांबरासारखी कॉफी आणायचा, ती बटाटे आणि खिमा घालून भाजलेला हॉटडिश आणायची. कॉफीची ती नालस्ती करी आणि कप पुढे करी. रात्री तिचे खांदे दुखत, पण झोप अशी लागे की सकाळी कूस बदललेलीही आठवत नसे. झाडे विरळ होत गेली तसे एके दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ऊन आले. ते कुठून आले हे पाहायला ती उठून उभी राहिली, आणि तिला खिडकीतून डेल्मरचे घर दिसले. निळे होते. ते निळे आहे हे ती विसरूनच गेली होती.

एकदा जेवता जेवता ती म्हणाली, "लॉईड शेवटच्या वर्षी रोज सकाळी झाडांवरून तुमच्या धुराड्याचा धूर दिसतो का बघायचा. दिसला की मगच कॉफी प्यायचा."

डेल्मर चावायचा थांबला. त्याने घास गिळला, टोपी सारखी केली आणि उठून करवत सुरू केली. त्या दुपारी त्याने एकट्याने दोघांचे काम केले.

बर्फ वितळला. पसरलेल्या ओंडक्यांची साल सुटून पडू लागली. आतल्या अळ्या चिपाडासारख्या वाळल्या होत्या. सुतारपक्ष्यांनी उरल्यासुरल्यांचा फडशा पाडला. वनखात्याचा माणूस पुन्हा येऊन उभ्या झाडांमधून फिरला आणि म्हणाला की टेकडी बहुतेक तगली.

मे संपताना एका सकाळी आर्डिसला घरात पाणी वाहत असल्याचा आवाज आला. तिने स्वयंपाकघरातला नळ पाहिला, न्हाणीघरातला पाहिला, अंगणातला पाहिला. सगळे बंद होते. जमिनीखालचा पाइप फुटला असणार, म्हणून तिने डेल्मरला फोन केला. तो मोठा पाना घेऊन हजर झाला. दोघांनी घराभोवती चक्कर मारली, जमिनीला कान लावले. आवाज घरातून येतच नव्हता. तो उतारावरून येत होता.

ते त्या दिशेने गेले. जिथे पूर्वी दाट पाइन होते आणि आता नुसते बुंधे आणि कोवळे गवत होते, त्या खोलगट भागातून पाणी वाहत होते. स्वच्छ, वितीपेक्षा खोल, दगडांना वळसे घालत ते तारेच्या कुंपणाखालून पलीकडे जात होते.

डेल्मर पाण्याकडे बघत राहिला.

"इथं ओढा होता," तो हळूच म्हणाला. "मी शाळेत जायच्याही आधी. वडील मला खांद्यावरून पलीकडे न्यायचे. मग ही झाडी माजली आणि... सगळं पाणी झाडंच प्यायली की. मला वाटायचं, मला स्वप्न पडलं असेल."

"यंदा बर्फही पुष्कळ पडलाय," आर्डिस म्हणाली. तिला पटकन विश्वास ठेवायची भीती वाटत होती. पण पाणी होते.

थोड्या वेळाने डेल्मरने विचारले की ग्वेनला काय कळवायचे ठरले. उन्हाळा तर आला.

"सांगेन, सध्या सवड नाही. इथं पूल बांधायला लागणार."

"कशाचा? सगळं लाकूड तर तुम्हीच दोन-दोन फुटांचं करून ठेवलंय."

"मग तोवर असंच जायचं," ती म्हणाली. तिने खाली बसून बूट काढले, मोजे काढले, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात पाय टाकला. गारठ्याची कळ थेट डोक्यापर्यंत गेली. ती ओरडणार होती, पण ओरडण्याच्या जागी हसूच बाहेर आले. तिने दुसरा पाय टाकला आणि ती डगमगली.

"सांभाळ," डेल्मर म्हणाला. "पडशील."

आर्डिस तिथेच थांबली आणि वळून त्याच्याकडे पाहू लागली. पाणी तिच्या पोटऱ्यांवरून वाहत होते. डेल्मरचे कान हळूहळू लाल होत गेले. तो हातातला पाना उलटसुलट करून बघू लागला, जणू त्यावर काही लिहिले होते.

"मग नुसता उभा काय राहिलास," ती म्हणाली. "हात दे."