न दिसलेले पोल्ह

स्नेझ्निकच्या रानात येर्नेने झाडांना टांगलेल्या लाकडी पेट्यांत गेल्या उन्हाळ्यात एकही पोल्ह सापडला नव्हता. पोल्ह म्हणजे खारीएवढा, करड्या केसांचा, झुपकेदार शेपटीचा प्राणी. त्याला धरायचं, कातडीखाली तांदळाएवढी चिप घालायची आणि सोडून द्यायचं, यात येर्नेची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. पुन्हा हातात आला तर जिवंत. यंदा मात्र तो आशा सोडूनच बसला होता.

त्याची मामेबहीण त्याशा ल्युब्लियानात संख्याशास्त्र शिकवायची. यंदाच्या पेट्या त्याच्यासोबत तपासायला ती मुद्दाम आली होती.

"मेले गं सगळे," शिडी खांद्यावर घेत येर्ने म्हणाला. "तुझ्या संगणकाने सांगितलं म्हणून मेलेले काय उठून बसणार आहेत?"

"माझे बाबा चर्चमध्ये शेवटचे कधी दिसले?"

"मामा? स्वतःच्या लग्नात!"

"मग पुरलंस का त्यांना?"

येर्नेला हसू आवरेना.

"तेच सांगतेय. जगणं वेगळं, दिसणं वेगळं. दोन्हींची शक्यता वेगवेगळी मांडावी लागते."

तिने तशीच मांडली होती. कोणता प्राणी कोणत्या वर्षी दिसला, कधी दडला, पुन्हा कधी उगवला, हे सगळं तिने संगणकातल्या गणिती प्रारूपात घातलं. बीच नावाच्या झाडांना बिया धरल्या नाहीत, की पोल्ह जमिनीखाली झोपून राहायचे; पुढे बहर आला, की त्यांतले बरेच परतायचे. प्रारूप म्हणत होतं, गेल्या साली न दिसलेल्या दहांतले सहा-सात जिवंत असणार. यंदा बीच फुलले होते. तरी चढण चढताना त्याशा मनातल्या मनात आकडे पुन्हा ताडून पाहत होती. गणित तिचं होतं. चुकलं तर चूकही तिचीच.

पहिल्या पेटीत वाळकी पानं. दुसरीत पाखराचं जुनं घरटं. तिसरीतून गांधीलमाश्या घोंगावत निघाल्या आणि येर्ने शिडीवरून जवळजवळ घसरतच खाली आला.

चौथ्या पेटीचं झाकण त्याने उचललं आणि किंचाळला.

"चावला! अगं, चावला मला!"

बोटातून रक्त येत होतं आणि गडी वेड्यासारखा हसत होता. त्याने पिशवीत टाकलेल्या, फुरफुरणाऱ्या जनावरावर त्याशाने चिप वाचायचं यंत्र धरलं. टुंक! आकडा उमटला.

"ही? हिला तर माझ्या लग्नाच्या वर्षी धरलं होतं!" येर्नेचा आवाज चिरकला. "म्हातारे, कुठे होतीस गं?"

पुढच्या पेटीत दोन निघाले. त्यापुढच्या पेटीसाठी त्याशा स्वतःच शिडी चढली. आत गुलाबी पिल्लांची वळवळ पाहून तिने झाकण हलकेच लावलं आणि खाली न उतरता तिथूनच ओरडली, "येर्ने, बाळंतीण आहे इथे!"

दुपारी पाव खाता खाता त्याने हळूच विचारलं, "आणि तो फाटक्या कानाचा नर? तो असेल?"

"एकट्यादुकट्याचं नाही सांगता येत रे. साऱ्या कळपाचं सांगते. त्यात तो आहे की नाही, ते गणिताला कळत नाही."

येर्नेने उरलेला पाव खिशात कोंबला. मग उठला.

तो नर त्या दिवशी सापडला नाही. ऊन कलेपर्यंत जुनी चिप असलेले अकरा मात्र सापडले.

"मला वाटलं होतं, जास्त सापडतील," त्याशा पुटपुटली.

"जास्त?" येर्नेने शिडी उचलली. "अगं बाई, सकाळी एकही नव्हता! चल, अजून वरचा उतार राहिलाय."