पन्नास हजार वेळा दादा

सभागृहात खुर्च्या कमी पडल्या, म्हणून नोंदणी विभागातल्या बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. पडद्यावर आकडा चढत होता. दहा हजार, वीस हजार, चाळीस हजार. एवढे लोक, म्हणजे संगणकाने उभी केलेली माणसांची सोंगं, एकाच वेळी आमच्या रुग्णालयाच्या सर्व्हरकडे फाइल मागत होते. आणि बाजूची, सर्व्हरवरचा ताण दाखवणारी हिरवी रेघ जागची हलत नव्हती.

“पन्नास हजार,” सल्लागार हळूच म्हणाले. पाठीमागे आम्ही त्यांना महाराज म्हणायचो. “मशीनला घाम फुटला? नाही फुटत. मी हात ठेवलेला सर्व्हर आजवर पडलेला नाही.”

टाळ्या. आमच्या साहेबांनी तर डोळे पुसले.

मीही वाजवल्या. संगणकाच्या तपासणीचं काम मी कुठल्या कॉलेजात शिकले नाही, नोंदणीच्या खिडकीत बसून चुका करत शिकले. चार शंका माझ्याकडे नेहमीच शिल्लक असतात. तरी वाजवल्या, कारण पडद्यावर माझ्या दादाचा क्रमांक होता.

त्याचं असं झालं. चाचणीआधी महाराज म्हणाले, “ताई, नमुन्याला एखादा रुग्ण क्रमांक सांगा.” मला एकच पाठ होता. दादाच्या फुप्फुसांसाठी नवा उपचार सुरू होणार होता. जागा चाळीस, नोंदणी सोमवारी सकाळी दहाला, आधी येईल त्याला आधी. मी दादाचा क्रमांक दिला.

“सगळ्या पन्नास हजारांना एकच?” मी विचारलं.

“भार तो भारच, ताई. शंकेखोराच्या हाताला यश नसतं.”

मी पुन्हा विचारलं नाही. खरं सांगायचं तर बरंही वाटलं. पन्नास हजार वेळा दादाचं नाव घेतलं जातंय, जणू जपच.

घरी सांगितलं तर दादा हसता हसता खोकला. “एवढा जप देवाचा केला असतास तर?”

“देव फाइल उघडत नाही.”

“आणि तुझे महाराज उघडतात?”

सोमवारी दहाला दादाने स्वतः बटण दाबलं. तो घरी, मी ऑफिसात, फोन चालू.

“गोल फिरतंय गं.”

“थांब, येईल.”

“अजून फिरतंय.”

दहा वाजून चार मिनिटांनी सर्व्हर आडवा झाला. साडेबाराला उठला आणि दोन मिनिटांत चाळीस जागा संपल्या. दादाचा पडदा तेव्हाही फिरतच होता.

“असू दे,” दादा म्हणाला. “तू जेवलीस का?”

महाराजांनी सांगितलं, सर्व्हर खंबीर होता, लोकांनीच घाई केली. साहेबांनी मान डोलावली.

पुढची नोंदणी पाच महिन्यांनी होती. दादा सात आठवडे राहिला.

कामावर परतले तेव्हा मी चाचणीची जुनी नोंद उघडली. मागण्या पन्नास हजार. डेटाबेसने फाइल शोधून काढली, एकदा.

मग सगळ्यांना त्याच सभागृहात बोलावलं. महाराजही आले.

“कारकुनाकडे फाइल मागितली की तो उठून कपाट उघडतो,” मी म्हणाले. “लगेच तीच पुन्हा मागितली तर ती टेबलावरच असते. यांनी पन्नास हजार वेळा एकच फाइल मागितली. कारकून एकदाच उठला.”

मी प्रत्येक सोंगाला वेगळा क्रमांक दिला आणि खऱ्या माणसासारखी जागाही मागायला लावली. अकराशेवर रेघ लाल झाली. तेराशेवर पडदा गोल फिरू लागला.

“ताईंचं मन सध्या थाऱ्यावर नाही,” महाराज साहेबांना म्हणाले.

“नाहीच आहे. म्हणून मनाला विचारलं नाही, मशीनला विचारलं. आता तुम्ही दाबा बटण.”

त्यांनी दाबलं. अकराशेवर लाल.

“तुम्हाला हे माहीत होतं?” साहेबांनी विचारलं. महाराज बॅगेची चेन लावत होते. ती अडकली होती.

या वेळी टाळ्या नव्हत्या. भिंतीजवळच्या एका बाईने मला पाणी आणून दिलं.

तुमच्याकडेही कुणी हिरवी रेघ घेऊन येईल. टाळ्यांआधी विचारा, मशीनला नेमका काय प्रश्न घातला होता? आणि बटण आपल्या हाताने दाबून बघा. उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारा, समोरचा चिडला तरी विचारा. शंकेने कुणाचं यश जात नाही.

मी एकदाच विचारलं होतं.