मखमलीची बाही

पाचशे वर्षांपूर्वी इटलीतल्या श्रीमंत बायका काय घालत होत्या, याच्याशी माझा काडीचा संबंध नाही. तरी भर मे महिन्यात, नंदुरबारच्या उन्हात, मखमलीचा घोळदार झगा अंगावर चढवून मी पुतळ्यासारखी उभी होते. कारण आमची सूनबाई, कामिनी.

माहेर नाशिकचं. इथं तिचं ड्रेपरीचं दुकान. धडगावपासून शहाद्यापर्यंतच्या शाळा गॅदरिंगला आमच्याकडूनच पोपट, गाजर आणि मावळे भाड्यानं नेतात. बरं चाललं होतं. पण नाशिकचे नवनीत सर इटलीतलं जुन्या काळचं नाटक बसवायला निघाले आणि म्हणाले, एक पोशाख नमुन्याला करून दाखवा, पटला तर सगळे तुमच्याकडे. झालं! हिला गाजरांची लाज वाटायला लागली. "आई, जन्मभर गाजरंच शिवायची का मी?" हे विचारताना तिचे डोळे भरले होते, म्हणून मी उभी राहायला तयार झाले. नाहीतर कोण या फंदात पडतंय?

मग सुरू झाला अभ्यास. मोबाईलवर जुनी चित्रं मोठी करकरून बघायची. सगळ्या बायका समोरून. एकीची पाठ दिसेल तर शप्पथ. मग बंद मागं होते की बगलेखाली? बसताना झगा कुठं ओढायचा? हे सगळं माझ्यावर शोधायचं. "आई, हात वर करा. आई, बसा. आई, वाकून घागर उचला बरं."

"त्या बाया घागरी उचलत व्हत्यात का वं?" मी म्हटलं. "चित्र काढाले बठेल शेतस त्या!"

"चित्र काढून झाल्यावर उठल्या असतीलच ना?"

तोंडात टाचण्या धरून बोलायची, आणि वर मलाच सांगायची, हलू नका.

सर यायच्या आदल्या दिवशी मात्र माझा पारा चढला. झग्याच्या बाह्या सुट्या होत्या, खांद्याला फितीनं बांधायच्या. एकदा बांधल्या, सोडल्या, पुन्हा बांधल्या, पुन्हा सोडल्या. घामानं निथळत होते मी. झगा उतरवून तिच्या पुढ्यात टाकला. "बस झाली तुन्ही नाटकं! गाजरंच शिव, तेच तुले जमस!"

एरवी एकाला दोन ऐकवणारी पोरगी. पण एक शब्द बोलली नाही.

सकाळी ती फिती आणायला बाजारात गेली. मी सहज बाह्यांवरचं फडकं उचललं आणि माय वं! नव्याकोऱ्या लाल मखमलीला कात्रीनं चिराच चिरा. दोन्ही बाह्यांना. आतलं पांढरं कापड बाहेर डोकावत होतं. माझ्या बोलण्यानं पोरीनं सगळं कापून टाकलं! सर तर दुपारी येणार. मी चष्मा लावला, सुईत लाल रेशीम ओवलं आणि एकेक चीर अशी रफू केली की शोधून सापडू नये.

कामिनी आली. बाह्या पाहिल्या आणि तशीच जमिनीवर बसली. "आई, हे काय केलंत?"

"फाटेल व्हतं ना, शिवी टाकं."

"फाटलं नव्हतं. मुद्दाम कापलं होतं. तेव्हा तशीच फॅशन होती."

मोबाईल पुढे धरला. खरंच की! भारीतलं कापड मुद्दाम चिरायचं, आतलं पांढरं बाहेर ओढायचं आणि मिरवायचं! म्हणे श्रीमंती. यांच्या श्रीमंतीला आग लागो.

"माले वाटनं, तू रागात कापं."

"रागात कापडाला कशाला कापीन? तुम्हालाच बोलले नसते?"

पण बोलली कुठं होती? आताही बोलेना. दोघी गुपचूप टाके उसवत बसलो. एक बाही सुटली. दुसरीचे टाके निघेनात. मखमलीला भोकं पडायला लागली. तेवढ्यात सर दारात.

त्यांनी झगा उलटापालटा करून पाहिला, बंद ओढून पाहिले, पहिल्या बाहीवर खूष झाले. मग दुसरी उचलली. "ही कुणी बिघडवली?"

"माझाच हात चुकला, सर," कामिनी म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "खोटं बोलस ती!" मी म्हटलं. "सर, हिचा हात चुकत नाही. एका फितीसाठी हिनं माझा जीव नकोसा केला. ती चिंधी मी शिवलीय, शहाणपणा करून. मन्हा गाढवपणाले हिले परत गाजरं शिवाले लावू नका."

सरांनी बाही खाली ठेवली. "ही एक नवीन करा. बाकी पसंत आहे. सगळे पोशाख तुम्हीच करायचे."

त्यांची गाडी वळली तशी कामिनीनं दार लावलं आणि माझ्याकडे फिरली. "पुन्हा माझ्या कामाला हात लावाल तर बघा! विचारायला काय झालं होतं? तोंडाला कुलूप होतं? तीच मखमल आता कुठून पैदा करू मी?" शेजारची मंगलाबाई खिडकीत आली, तरी थांबेना. गाजरांचंही काढलं, सगळं काढलं. धाप लागेपर्यंत बोलली.

तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

"झालं का बोलीसन?" मी म्हटलं आणि हात पुढे केला. "घे माप."