स्तुतीला मनाई

थोरले सर गेल्याचा फोन आला तेव्हा धाकट्या सरांना आधी वाईट वाटलं आणि मग भाषण सुचलं. वाईट वाटणं कपातला चहा निवेपर्यंत टिकलं. भाषण मात्र जेवणाच्या वेळेपर्यंत वाढतच गेलं.

हे धाकटे म्हणजे साठीला टेकलेले गृहस्थ. ईश्वरविज्ञानाच्या महाविद्यालयात धर्मसुधारणेच्या इतिहासाचा विभाग होता. थोरले त्याचे प्रमुख आणि हे उपप्रमुख, म्हणून विद्यार्थ्यांनी ठेवलेलं नाव टक्कल पडलं तरी सुटलं नाही. थोरले निवृत्तीचं नाव काढत नव्हते आणि हे कधीचे गुडघ्याला बाशिंग बांधून बसले होते. आता दफनाला सगळे विश्वस्त येणार होते आणि लगेच नवा प्रमुख नेमणार होते. स्पर्धेत उरली होती विभागातली एकच प्राध्यापिका. ती इतकी कमी बोलायची की तिला सगळे 'तळटीप' म्हणायचे. तळटिपेला उचलून मथळ्यावर कोण बसवतो, असं धाकट्यांचं मत होतं.

तेवढ्यात चर्चच्या पाळकांनी निरोप आणला. थोरल्यांची इच्छा होती, की त्यांना युरोपातल्या पहिल्या धर्मसुधारकांच्या रीतीने पुरावं. म्हणजे कबरीजवळ कोणी बोलायचं नाही.

धाकट्यांचं भाषणच बुडालं. ती रीत त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक असणार? माणूस तरतो तो देवाच्या कृपेने, स्वतःच्या कर्तबगारीने नव्हे. मग मेल्यावर त्याचे गोडवे कशाला गायचे? म्हणून त्या सुधारकांनी प्रवचन, स्तुती, कोरीव दगड, सगळ्याला मनाई केली होती. गुपचूप न्यायचं, पुरायचं आणि घरी यायचं. यावरच तर धाकट्यांचा उशीएवढा जाड प्रबंध होता. त्यात त्यांनी ठासून मांडलं होतं, की हा नियम कागदावरच राहिला, कारण कौतुक केल्याशिवाय माणसाला माणूस पुरताच येत नाही. या एका वाक्यावर त्यांनी उभी नोकरी काढली. एका चर्चासत्रात तळटीप म्हणाली होती, की पुरावे दोन्ही बाजूंचे आहेत. त्यानंतर वर्षभर धाकटे तिच्याशी बोलले नव्हते.

ते तडक थोरल्यांच्या घरी गेले. वहिनी पुढच्या खोलीत नवऱ्याचे सदरे घड्या घालून खोक्यात भरत होत्या. थोरल्यांच्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटची सूची या बाईंनी केलेली. कोणतं नाव कोणत्या पानावर आलंय, हे शोधण्यात त्यांचा संसार झाला. धाकट्यांनी खोक्याशेजारी बसून आपला सगळा प्रबंध त्यांना ऐकवला. त्या सुधारकांच्या मूळ गावातसुद्धा लोक बोलायचेच, आपणच का सोवळं पाळायचं, आणि मी बोललो नाही तर जग काय म्हणेल. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खायला निघालेला माणूस किती कळवळ्याने बोलतो, ते तेव्हा बघायला हवं होतं.

वहिनींनी सदऱ्याची कॉलर सरळ केली. "हा नियम कोणी पाळला नाही, हे तुम्ही सिद्ध केलंत ना, भाऊजी? मग आपण एकदा पाळून बघू."

दफनाला गर्दी झाली. विश्वस्त पहिल्या रांगेत होते. धाकटे भाषण कोटाच्या आतल्या खिशात घेऊन आले होते. त्यांना खात्री होती की कोणाला तरी कंठ फुटेलच. प्राचार्य तर कॉलेजच्या घंटेवरही भाषण करणारा माणूस. पण प्राचार्य बोलले नाहीत, पाळक बोलले नाहीत. फावड्यांचा आवाज तेवढा येत होता. लोक नुसते उभे होते आणि त्यांना ते सहज जमत होतं. आपला प्रबंध त्या मातीखाली चाललाय, हे धाकट्यांना डोळ्यांनी दिसत होतं आणि त्यांना मेलेल्या माणसाचा मनस्वी राग आला. शेवटी त्यांनी घसा साफ केला. विश्वस्तांच्या अध्यक्षांनी वळून बघितलं आणि लहान मुलाला दाखवतात तसं तोंडावर बोट ठेवलं.

एवढ्यावर दुसरा कोणी गप्प घरी गेला असता. पण जित्याची खोड! थोरल्यांच्या घरी चहाला सगळे जमले, तेव्हा अध्यक्ष वहिनींशी बोलत असताना धाकट्यांनी नेमकं तिथेच जाऊन ते भाषण पुढे केलं. बोलू दिलं नाहीत, निदान वाचा तरी, सरांसाठी रात्रीचा दिवस करून लिहिलंय, असं ते अध्यक्षांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले.

वहिनींनी चष्मा लावला आणि उभ्यानेच वाचायला घेतलं. सवयीने एक बोट ओळींवरून फिरत होतं. माझा प्रबंध, माझी भूमिका, माझ्या मताला परदेशात मिळालेला मान, विभागाबद्दलची माझी स्वप्नं. त्यांनी एकही पान गाळलं नाही. तळटीप खिडकीपाशी कप धरून उभी होती.

शेवटचं पान संपवून वहिनींनी चष्मा काढला.

"उगाच अडवलं मी तुम्हाला," त्या म्हणाल्या. "मनाई मेलेल्याच्या स्तुतीला आहे. यात ती कुठेच नाही."

अध्यक्षांनी कप खाली ठेवला आणि बघू म्हणून हात पुढे केला. वहिनींनी पानं नीट जुळवून त्यांच्या हातात दिली.