शुक्रवारसाहेबांच्या खिशातून

मी कानाचं मशीन बोलतोय. बोटाच्या पेराएवढा माझा जीव, आणि खरं सांगू का, आज तुमच्यासमोर तोंड उघडायलाही लाज वाटतेय.

जन्मलो कारखान्यात, पण कामाला लागलो कानाच्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर. त्यांनी मला एका आजोबांच्या कानात बसवलं, मागे जाऊन कागद चुरगळला आणि विचारलं, "आलं ऐकू?" आजोबांचा चेहरा असा खुलला की सोबत आलेल्या नातीनं टाळ्याच वाजवल्या. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो.

हे आजोबा हिंदी सिनेमाचे भलतेच शौकीन. नवा सिनेमा लागला की शुक्रवारी पहिला खेळ गाठायचा आणि संध्याकाळी इमारतीखालच्या बाकावर निकाल द्यायचा. म्हणून सगळे त्यांना 'शुक्रवारसाहेब' म्हणत. ते "बघा" म्हणाले की शेजारी तिकिटं काढत, "नका बघू" म्हणाले की घरी बसत.

आणि थिएटरच्या पायऱ्या आल्या की साहेब मला कानातून काढून शर्टाच्या खिशात टाकत! ओळखीचं कुणी भेटलं तर काय म्हणेल? वर संध्याकाळची ऐट काय विचारता. "गुप्तहेराचा सिनेमा? हाणामारी झकास, पण हिरो तोंडातल्या तोंडात पुटपुटतो." "भुतांच्या त्या सिनेमात एक विनोद धड असेल तर शपथ!" "हल्लीची गाणी म्हणजे नुसता धडधडाट." अहो, जवळून कुणी मोठ्यानं बोललं तर त्यांना कळायचं, पण सिनेमातला धडधडाट तेवढा छातीला जाणवायचा, बाकीचं पोचणार कुठून? लोक माना डोलवायचे. मी खिशात अंग चोरून पडायचो.

एकदा ते मला बंद करायला विसरले. खिशात दाबला गेलो आणि मी जोरात शिट्टी मारली. मागचा माणूस साहेबांना हलवून ओरडला, "काका, तुमचा फोन बंद करा!" घरी आल्यावर त्यांनी मला चार दिवस कपाटात कोंडलं. तेव्हापासून मी घाबरूनच असायचो.

मग नातीनं एका छोट्या सिनेमाचे संवाद लिहिले. पहिलंच काम. "आजोबा, आधी तुमचं मत, मग जगाचं," ती म्हणाली. "मी येत नाही. शेजारी बसले तर तुम्ही खरं बोलणार नाही."

त्या दिवशीही मी खिशातच होतो आणि गडबडीत चालू राहिलो होतो. मी सगळा सिनेमा ऐकला. शेवटी मुलगी बापाला म्हणते, "बाबा, तुम्हाला जमत नाही याचा मला कधीच राग आला नाही. जमत नाही हे माझ्यापासून लपवता, त्याचा येतो." बाप एक शब्दही बोलत नाही. ते वाक्य कुणासाठी होतं, हे मला तिथल्या तिथे कळलं. एक शिट्टी मारली असती तर साहेबांनी निदान मला चाचपलं असतं. पण मला कपाट आठवलं. मी गप्प बसलो.

संध्याकाळी नात दारातच उभी. "कसे वाटले संवाद?"

"एक नंबर!"

"त्यातला एक सांगा ना."

साहेब गडबडले. "तो... शेवटी बाप मुलीला बोलतो ना, डोळ्यांत पाणी आलं बघ."

तिनं आधी त्यांच्या कानाकडे पाहिलं, मग खिशाकडे. "बरं," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

आठवड्यात सिनेमा उतरला. त्याआधी साहेब दोनदा थिएटरपर्यंत जाऊन आत न शिरताच परत आले. मग एका सकाळी मला कानात घालून तिच्या शेजारी बसले. "चुकलो गं. मला त्या दिवशी काही ऐकूच आलं नव्हतं. वाचून दाखवतेस?"

तिनं त्यांच्या कानातल्या माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "नको, आजोबा. ते तुमच्या तोंडावर बोलता येत नव्हतं, म्हणून तर लिहिलं होतं."

हे मी एकही अक्षर न गाळता त्यांच्या कानात पोचवलं.

आता मी दिवसभर कानातच असतो. बाकावरचे विचारतात, "साहेब, या शुक्रवारचं काय?" साहेब मान हलवतात आणि उठून घरी जातात.

तुम्हाला ती नात कधी भेटली तर एवढं सांगा, की तिचं सगळं बोलणं आजोबांच्या खिशापर्यंत पोचलं होतं. पुढे पोचवायचं काम माझं होतं, आणि मी घाबरलो.