वऱ्हाड उतरलं खाणीत

मी एक जुनी मिठाची खाण आहे. पोलंडच्या दक्षिणेला सोल्निस्को नावाचं गाव आहे, त्याच्या पोटात मी पसरले आहे. राजेरजवाड्यांच्या काळापासून माझं मीठ गाड्या भरभरून दूरदेशी गेलं. घोडे माझ्यातच राबले, माझ्यातच म्हातारे झाले. आणि मित्रांनो, माझे कामगार मोठे हौशी! काम आटोपलं की छिन्नी-हातोडी घेऊन बसायचे. असं करत त्यांनी एका दालनात अख्खं चर्च कोरलं. वेदी मिठाची, मूर्ती मिठाच्या, झुंबरांचे लोलकसुद्धा मिठाचे.

पुढे माझ्या मिठाला कुणी विचारेनासं झालं. खालच्या बोगद्यांत पाणी झिरपू लागलं. शेवटी मोठ्या कचेरीतून हुकूम सुटला, खाण वाळूने बुजवून टाका. हालित्स्की नावाचे इंजिनिअर त्या कामासाठी आले. माणूस वाईट नव्हता. पाणी वाढलं तर मीठ विरघळून वरची घरं खचतील, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं.

माझा मुकादम होता विन्सेंती. त्याची लेक यादविगा हिचं लग्न तेव्हा ठरलं होतं. लग्न करीन तर खाणीतल्या चर्चमध्येच, असं तिने सांगून टाकलं. नवऱ्या मुलाची आई क्लेमेंतिना मात्र अडून बसली.

"विहीणबाई, मेल्यावर जमिनीखाली जायचंच आहे. लग्नाला कशाला?"

यादविगाची आई रोझालिया कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "मेल्यावर नाचता येत नाही, विहीणबाई. आत्ताच जाऊन येऊ."

क्लेमेंतिनाबाईंना हसू आवरेना. लग्न खाणीतच करायचं पक्कं झालं.

त्या दिवशी सारा गाव लाकडी जिन्याने खाली उतरला. कामगार काळ्या गणवेशात, टोपीत पिसं खोवून आले होते. त्यांचा बँड वाजू लागला आणि माझी भिंत न् भिंत घुमली. रोझालियाने रिवाजाप्रमाणे नवरा-नवरीपुढे पाव आणि मीठ धरलं. ते मीठ माझं होतं! इतकी वर्षं मी ते जगाला दिलं, पण घासागणिक कौतुक होताना पहिल्यांदाच पाहत होते.

हालित्स्की वर वाळूच्या गाड्यांपाशी उभे होते. विन्सेंती स्वतः जाऊन त्यांना घेऊन आला. रोझालियाने त्यांच्याही हातात पावाचा तुकडा दिला आणि क्लेमेंतिनाबाईंनी त्यांना थेट नाचायलाच ओढलं. आजवर त्यांनी मला नुसतं नकाशावर पाहिलं होतं. आता नाचता नाचता त्यांची नजर सारखी झुंबरांकडे जात होती.

बँड थांबल्यावर ते विन्सेंतीला बाजूला घेऊन म्हणाले, "खालचे बोगदे बुजवावेच लागतील, त्याला इलाज नाही. पण ते नीट भरले, तर हे दालन टिकेल. मी कचेरीला तसं कळवतो. माणसं मिळतील का?"

विन्सेंतीने घामाघूम झालेल्या पाहुण्यांकडे हात केला. "वऱ्हाड जमलंय की, साहेब."

हालित्स्कींनी कचेरीशी भांडून हुकूम बदलून घेतला. मग हिवाळाभर वऱ्हाडाने वाळू वाहिली. नवरदेवही होता, आणि क्लेमेंतिनाबाई सगळ्यांसाठी कोबीचं सूप घेऊन खाली यायच्या. घोड्यांचे जुने तबेले बुजले तेव्हा मला भडभडून आलं. पण पाणी थांबलं, आणि माझं चर्च दिमाखात उभं राहिलं!

वसंतात माझं दार पाहुण्यांसाठी उघडलं. रांग बाजारपेठेला वळसा घालून गेली. आता देशोदेशीची माणसं येतात, दालनात पाऊल टाकतात आणि माना वर करून झुंबरं बघत राहतात. मुलं गुपचूप भिंती, मूर्ती चाटतात. चाटू नका हं, मूर्तींची नाकं झिजतात!

मित्रांनो, तुमच्या गावातही काम संपलं म्हणून कुलूप घातलेली एखादी जागा असेल. ती बुजण्याआधी एकदा आत जा. मात्र एकटे जाऊ नका. एकट्याला कुणीही दारातून परत पाठवतं; वऱ्हाडाला वाट द्यावीच लागते.