साखर उतरताना

सिस्टर कापसाच्या बोळ्याने ताईच्या नखांवरचं लाल नेलपॉलिश पुसत होती आणि ताई कुरकुरत होती.

"कालच लावलंय हो. एक बोट तरी राहू द्या."

"ऑपरेशनला चालत नाही. बोटाला यंत्र लावतात."

"नशीब बघा. नाव काय तर म्हणे स्वादुपिंड, आणि ज्याचं बिघडलं त्याला गोड वर्ज्य."

सिस्टर हसली. खाटेच्या पायथ्याशी उभी असलेली धाकटी बहीण हसली नाही. सकाळी रुग्णालयातून स्वादुपिंड मिळाल्याचा फोन आल्यापासून तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. कुणाच्या तरी घरी आज आकांत चालला असेल आणि आपल्याला मात्र आनंद होतोय, याची तिला लाज वाटत होती. पण लाजेने आनंद काही कमी होत नव्हता.

ताईचा मधुमेह लहानपणापासूनचा. इन्शुलिनच्या सुया अंगवळणी पडल्या होत्या. भीती होती ती साखर अचानक उतरण्याची. इतरांना आधी थरथर जाणवते, धडधडतं, आणि ते चटकन काहीतरी तोंडात टाकतात. ताईच्या शरीराने ही सूचना देणं केव्हाच सोडून दिलं होतं. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाशी बोलता बोलता ती काउंटरवर कोसळली, तेव्हापासून धाकटी तिच्याच खोलीत झोपायची, तेही एक कान उघडा ठेवून. आईवडील गेल्यावर दोघीच उरल्या होत्या. धाकटी शिकवायची त्या शाळेतला एक शिक्षक तिच्यासाठी बरीच वर्षं थांबला होता. आता त्याला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती. "एकदा काय ते हो की नाही सांगून टाक," तो म्हणाला होता. नवं स्वादुपिंड बसलं की साखर आपली आपण सांभाळली जाणार होती. दुपारी जिन्यात उभं राहून धाकटीने त्याला कळवलं होतं, बहुतेक येते.

सर्जन आले ते टोपी हातात घेऊनच. त्यांनी खुर्ची पुढे ओढली तेव्हाच धाकटी काय ते समजली. चांगली बातमी द्यायला डॉक्टर बसत नाहीत.

"दात्याची मूत्रपिंडं चांगली निघाली, यकृतही," ते म्हणाले. "स्वादुपिंड बाहेर काढून, बर्फात ठेवून नीट पाहिलं. फार चरबी आहे. बसवलं तर आत रक्त गोठेल, तुमच्या जिवावर बेतेल. अवयवच नाजूक. दान मिळालेली कितीतरी स्वादुपिंडं अशीच बाजूला ठेवावी लागतात."

"माझ्यापेक्षा तरी बरं असेल ना?" ताईने विचारलं.

डॉक्टर टोपीकडे बघत राहिले. "संशोधनाला देतोय आम्ही. वाया नाही जाणार."

"चला, त्याचं तरी कुठेतरी जमलं."

ताईला असं बोलावून परत पाठवण्याची ही तिसरी खेप होती. तुमचं नाव अजून यादीत आहे, असं डॉक्टर उठताना म्हणाले, आणि दारात थांबून पुढे म्हणाले, "हृदयाने साथ दिली तर." ताईच्या हृदयाच्या मागच्या तपासण्यांचे अहवाल धाकटीनेही वाचले होते.

सलाइन निघालं, कपडे बदलून झाले. काहीतरी खाऊन जा म्हणून सिस्टर मागे लागली, पण ताईला आता तिथे क्षणभरही थांबायचं नव्हतं. फाटकाबाहेरच्या बाकावर दोघी टॅक्सीची वाट बघत बसल्या.

"तुला एक सांगायचं राहिलंच," ताई म्हणाली. "मला आता कळतं."

"काय कळतं?"

"साखर उतरायला लागली की. महिना झाला असेल. हाताला कंप सुटतो, छातीत धडधडतं. अगदी पूर्वीसारखं. तू जा त्याच्याबरोबर. माझ्या उशाशी किती वर्षं बसणार, खुळे?"

धाकटीला तिच्यावर विश्वास ठेवावासा वाटला. इतका, की घटकाभर तिने ठेवलाही.

"खरंच?"

"खरंच गं. हाताला कंप सुटतो, छातीत धडधडतं. अगदी..." ताई अडखळली. "पूर्वीसारखं. हाताला कंप... हाताला..."

तिची नजर समोरच्या भिंतीवर खिळली होती. वरच्या ओठावर घाम जमला होता. मांडीवरचे हात मात्र अगदी स्वस्थ पडले होते.

धाकटीने पर्समधून फळांच्या रसाचं खोकं काढलं, नळी टोचली आणि तिच्या ओठांना लावली. ताई निमूटपणे पीत राहिली. एक टॅक्सी येऊन थांबली, धाकटीने हातानेच तिला जायला सांगितलं. हळूहळू ताई भानावर आली.

"तहान लागली होती," ती म्हणाली.

"हो. ऊन केवढं आहे."

"मग? कळव की त्याला. माझ्यादेखत कळव."

धाकटीने मोबाइल काढला. 'तू जा. माझी वाट बघू नकोस,' एवढं लिहिलं, पाठवलं आणि मोबाइल पर्समध्ये टाकला.

"काय लिहिलंस?"

"येते म्हटलं."

ताईने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि डोळे मिटून घेतले.

"सुटलीस बाई," ती म्हणाली.